मदत हवी आहे: आजीच्या भावाची समाधी शोधायची आहे

शिरोळकर:
आजीचा थोरला भाऊ लढाईत गेला, तिकडंच पुरला म्हणतात. आजी ९१ वर्षांची. मुलगी ८ दिवसांत तिकडं शिकायला निघालीय, त्याआधी जागा कळायला हवी. एका ऑफिसात दोन फेऱ्या झाल्या, अर्ज द्या म्हणतात. वेळ नाही हो. कुणी सांगेल का?

कागलवाला:
तिकडं म्हणजे कुठं? लढाई १९१४ ची की १९३९ ची? पहिल्या महायुद्धात मराठा पलटणी मेसोपोटेमियात होत्या, मग बसराचं स्मारक बघावं लागेल.

शिरोळकर:
इटली. १९४४.

भुदरगडी:
पलटण? नंबर? पूर्ण नाव? एवढं लपवून शोधायचं कसं, दादा?

शिरोळकर:
लपवत नाही. पत्र्याच्या ट्रंकेत एक कागद आहे, इंग्रजीत. पाण्यानं शाई पसरलीय. मराठा पलटण एवढं वाचता येतं.

रंकाळा_काठ:
पुरला कसा म्हणता? आपल्या पोरांचं दहनच करायचे. सांग्रो नदीजवळच्या दफनभूमीत दहन झालेल्या ५०० हून जास्त भारतीय जवानांचं स्मारक आहे. तिथं बघा.

भुदरगडी:
सरसकट असं नाही. फोर्लीला भारतीय सैन्याची वेगळी दफनभूमी आहे, तिथं थडगीही आहेत. आणि ज्यांचा ठावठिकाणा लागला नाही, अशा ब्रिटिश राष्ट्रकुलातल्या, भारतीयांसकट, ४ हजारांवर जवानांची नावं इटलीतल्याच कॅसिनो गावच्या स्मारकावर आहेत. व्हिक्टोरिया क्रॉसवाले यशवंत घाडगे १० जुलै १९४४ ला गेले, वय २२, त्यांचंही नाव तिथंच. म्हणून समाधी नको, आधी नाव शोधा.

रंकाळा_काठ:
मी दहनाचं बोललो ते चूक नव्हतं.

भुदरगडी:
चूक नाही, अर्धं होतं.

टाकळीचा_फौजी:
आमच्या सैनिक टाकळीसारखं गावात स्मारक उभं करा. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात चौकशी करा, वारसाला काही मिळतं का ते बघा.

शिरोळकर:
पैसे नकोत, काका. आजीला फक्त तो कुठं आहे ते हवंय.

चंदगडचा_मास्तर:
इटलीतल्या मोंतोने गावात घाडग्यांच्या स्मरणार्थ २०२३ मध्ये सूर्यघड्याळ उभारलंय. पोरीला तेही दाखवा.

कागलवाला:
मूळ कामाचं सांगतो. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशन, म्हणजे महायुद्धांत गेलेल्या जवानांची थडगी-स्मारकं सांभाळणारी संस्था, तिच्या संकेतस्थळावर फुकट शोधता येतं. आडनावाची स्पेलिंगं तीन-चार तऱ्हांनी टाका, पवारचं पोवार झालेलं असतं. पलटणीच्या नावात मराठाच्या मधे एक जादा एच असतो. नोंदीत बऱ्याचदा बापाचं नाव आणि गावही असतं, गावाचं स्पेलिंग ओळखू येणार नाही इतकं मोडलेलं. बापाच्या नावावर भरवसा ठेवा. कागदाचा फोटो मला खासगीत पाठवा.

शिरोळकर:
पाठवला.

कागलवाला:
सापडलं बहुतेक. नंबरचे शेवटचे तीन आकडे जुळतात, बापाचं नावही. कॅसिनो. थडगं नाही, स्मारकावर नाव आहे. वय १९ लिहिलंय.

शिरोळकर:
हाच. आजीला वाचून दाखवलं. वय ऐकून ती गप्प झाली. मग म्हणाली, "बाबाचं नाव लिवलंय नव्हं त्याच्याखाली?" दोनदा वाचायला लावलं. गावातल्या शेतातली चिमूटभर माती पुडीत बांधून ठेवलीय तिनं. आता एवढंच सांगा, रोमहून कॅसिनोला जायचं कसं? पोरगी एकटी आहे.

चंदगडचा_मास्तर:
रोमहून थेट रेल्वे आहे. सकाळची धरा, संध्याकाळपर्यंत परत येता येतं. कुठल्या फलकावर नाव आहे ते नोंदीतच दिलेलं असतं, तेवढं कागदावर उतरवून द्या.