माजी आमदारांचे ११ ट्रंका कागद वाचनालयात आले आहेत, ते लावायचे कसे?

ग्रंथपाल_कोकण

नमस्कार. रायगड जिल्ह्यातल्या आमच्या सार्वजनिक वाचनालयाकडे एका दिवंगत माजी आमदारांचे कागद कुटुंबीयांनी सोपवले आहेत. १९६७ आणि १९७२ च्या निवडणुका जिंकून ते १९७८ पर्यंत विधानसभेत होते. पुढे सहकारी आणि शिक्षण संस्थांत होते. ११ लोखंडी ट्रंका भरून फायली, कापडी गठ्ठे, डायऱ्या, कात्रणं, फोटो आणि ३० च्या आसपास ऑडिओ कॅसेट आहेत. एकावर एक रचून मोजलं तर साधारण ९ मीटर कागद भरतो.

आमच्याकडे तळमजल्यावर एक खोली आणि दोन स्वयंसेवक आहेत. दोन ट्रंका वर्षवार लावून झाल्या. एका ट्रंकेत बुरशी दिसते, एकीत कसर लागली आहे. कोणी डांबरगोळ्या टाका म्हणतं, कोणी महत्त्वाची पत्रं लॅमिनेट करून घ्या म्हणतं.

वर्षवार लावावं की विषयवार? मतदारांची खासगी पत्रं वाचकांना दाखवावीत का? आणि बऱ्याच पत्रांवर तारीखच नाही, त्यांचं काय करायचं?

दप्तरबंद

ताई, आधी एक विनंती. उरलेल्या नऊ ट्रंका आहेत तशा राहू द्या. वर्षवार लावणं आजच थांबवा, आणि विषयवारही लावू नका.

आमदाराच्या कचेरीत कागद कसा फिरतो ते पाहा. समजा उरणच्या एका शेतकऱ्याने १९७१ साली नवी मुंबईच्या भूसंपादनाबद्दल पत्र लिहिलं. सहायकाने त्यावर आवक क्रमांक घातला, आमदारांनी समासात दोन ओळींचा शेरा मारला, जिल्हाधिकाऱ्यांना पत्र गेलं आणि त्याची कार्बनवरची स्थळप्रत (कचेरीने ठेवलेली नक्कल) मागे राहिली. उत्तर समाधानकारक आलं नाही म्हणून तारांकित प्रश्नाची (मंत्र्याने सभागृहात तोंडी उत्तर द्यायच्या प्रश्नाची) सूचना दिली, ती नाकारली गेली. मग पुढच्या वर्षी अर्थसंकल्पी अधिवेशनात कपात सूचना (खात्याने मागितलेली रक्कम कमी करा असं सांगणारी) आली. हे सगळं भोकं पाडून एकाच टॅगमध्ये (फायलीच्या दोरीत) ओवलेलं असतं. वर्षवार लावलं की या साखळीचे दोन-तीन तुकडे होतात. विषयवार लावलं तर सूचना ‘विधानसभा’त जाते, पत्र ‘जमीन’मध्ये जातं, आणि कोणत्या पत्रातून कोणता प्रश्न निघाला हे पुन्हा कुणालाच सांगता येत नाही.

सभागृहात जे बोललं गेलं ते छापील कार्यवाहीत आहे, विधानभवनाच्या ग्रंथालयात मिळतं. नाकारलेल्या सूचना, खोडाखोडीचे मसुदे, समासातले शेरे आणि लोकांची पत्रं मात्र जगात फक्त तुमच्या ट्रंकांत आहेत. वेळ आणि पैसा तिथे घाला.

काम असं करा. ट्रंकांना १ ते ११ क्रमांक द्या. झाकण उघडल्यावर वरून एक फोटो, मग प्रत्येक थर काढण्याआधी एक. प्रत्येक ट्रंकेसाठी एक पानी यादी: थर कितवा, गठ्ठ्यावर चिठ्ठी काय होती (जशीच्या तशी, चुकीच्या शुद्धलेखनासह), अंदाजे काळ, अवस्था. या पायरीत एकही कागद दुसऱ्या गठ्ठ्यात जाता कामा नये. आवक-जावक रजिस्टर सापडलं तर ते सर्वांत आधी बाजूला सुरक्षित ठेवा, पुढच्या सगळ्या कोड्यांची किल्ली तीच असते.

लावून झालेल्या दोन ट्रंकांसाठी यादीत ‘मूळ क्रम बदललेला’ अशी स्पष्ट नोंद हवी. काही भाग परत जुळवता येईल. एकाच टॅगमधल्या कागदांची भोकं नेमकी एकमेकांवर येतात, आणि टाचणीच्या गंजाचा डाग पुढच्या-मागच्या पानावर त्याच जागी उमटलेला असतो. आवक क्रमांक सलग लागले तर खात्री पटते. जिथे पुरावा नाही तिथे अंदाजाने जोड्या लावू नका.

यानंतर कागदावर मांडणी ठरवा, प्रत्यक्ष हलवाहलवी नंतर. बहुतेक आमदारांच्या दप्तरात मालिका, म्हणजे एकाच कामातून जमलेल्या फायलींचे गट, आपोआपच दिसतात: विधानसभेचं काम, समित्या, मतदारसंघाचा पत्रव्यवहार, पक्ष, निवडणुका, भाषणं, खासगी. त्यांच्या कचेरीने वेगळी विभागणी केलेली असेल तर तीच ठेवा, तुमच्या सोयीची नको. मालिकेच्या आत फाइल हे एकक धरा. ९ मीटरमध्ये ६०-७० हजार पानं असतील. एकेका पत्राची नोंद करायला बसलात तर दोन माणसांना कित्येक वर्षंही पुरणार नाहीत. प्रत्येक फाइलला संदर्भ क्रमांक, शीर्षक, काळ, पानांची संख्या आणि दोन ओळींचा आशय एवढं पुरे. शीर्षक ‘भूसंपादन, उरण-पनवेल: पत्रव्यवहार, सूचना, कात्रणं, १९७०-१९७४’ असं हवं. ‘संकीर्ण’ लिहिलेली फाइल पुढे कोणी उघडत नाही. क्रमांक २बी पेन्सिलने, मागच्या बाजूला खालच्या कोपऱ्यात. पेन, स्टिकर, रबरी शिक्का काहीही नको.

एक गोष्ट हमखास चुकते. आमदार शिक्षण संस्थेचे किंवा पतपेढीचे अध्यक्ष असले की त्या संस्थेची मूळ इतिवृत्त पुस्तकंही घरीच राहिलेली असतात. ती संस्थेची मालमत्ता आहे, कुटुंबाला ती दान देता येत नाहीत. वेगळी काढा, कोणत्या ट्रंकेत होती ते लिहा आणि संस्थेशी लेखी बोला. सरकारी खात्याच्या मूळ फायली निघाल्या तर पुराभिलेख संचालनालयाला कळवा.

छापील कार्यवाही, अर्थसंकल्पाची पुस्तकं, समित्यांचे अहवाल यांच्या, हाताने काही न लिहिलेल्या प्रती ठेवायची गरज नाही. पण टाकण्याआधी प्रत्येक पान उलटून पाहा. समासात पेन्सिलच्या खुणा असतील तर ती प्रत राहू द्या. लग्नपत्रिका आणि शुभेच्छापत्रं हजारोंनी निघतील. एखाद्या निवडणूक वर्षाची सगळी ठेवा, बाकीची कुटुंबाला परत द्या.

कागदवैद्य

दप्तरबंद यांनी मांडणीचं सांगितलं, पण त्याआधी बुरशीची आणि कसरीची ट्रंक त्या खोलीतून बाहेर काढा. बाकीच्या नऊ जवळ ठेवू नका.

बुरशी जिवंत आहे का ते आधी बघायचं. मऊ ब्रशने स्पर्श केल्यावर पसरून चिकटली, ओलसर वाटली तर जिवंत. भुकटीसारखी उडाली तर सुप्त. जिवंत बुरशी घासू नका, आत शिरते. गठ्ठा सावलीत, हवा खेळती ठेवून, आर्द्रता ५० टक्क्यांच्या आसपास आणून सुकवा. पंखा थेट कागदावर नको, नाहीतर बीजकणं खोलीभर पसरतील. उन्हात तर मुळीच घालू नका. अतिनील किरणांनी शाई उडते आणि वर्तमानपत्री कागद ठिसूळ होतो. सुकल्यावर मऊ ब्रशने आतून बाहेर झाडायचं आणि धूळ हेपा गाळणीच्या (बारीक कणही अडवणाऱ्या) व्हॅक्यूमने ओढून घ्यायची. एन-९५ मास्क आणि हातमोजे हवेतच. दमेकरी माणसाला हे काम देऊ नका.

कसरीसाठी कागद जाड पॉलिथिनमध्ये हवाबंद करून उणे २० अंश सेल्सिअसला आठवडाभर गोठवतात. घरगुती डीप फ्रीजर उणे १८ च्या आसपास थांबतो, तिथे दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर २४ तास पिशवी उघडायची नाही, नाहीतर थंड कागदावर दव धरतं. फोटो आणि कॅसेट यात घालू नयेत.

डांबरगोळ्यांनी बुरशी मरत नाही आणि बंद खोलीत बसणाऱ्या माणसाला ती वाफ घातक. थायमॉलची धुरी पूर्वी सर्रास देत, आता टाळतात. लॅमिनेशनला ठाम नकार द्या. उष्णता आणि प्लॅस्टिक कागदात कायमचं मुरतं, पुढच्या कोणत्याही दुरुस्तीची वाट बंद होते. फाटलेल्या पत्राला चिकटपट्टी लावू नका. जपानी टिश्यूची पट्टी आणि गव्हाच्या स्टार्चची पातळ खळ. पण आधी शाई तपासा. जांभळी कॉपिंग पेन्सिल, रबरी शिक्के आणि दौतीची शाई पाण्याच्या एका थेंबाने फुटतात. तिथे खळ नको, पत्र नुसतं आम्लमुक्त पाकिटात ठेवा.

टाचण्या आणि स्टेपल ओढून काढू नका. कागदाखाली पातळ पॉलिस्टर पट्टी सरकवून पिना उलट्या उघडायच्या. त्यांच्या जागी घडी केलेला आम्लमुक्त कागद, त्यात ती पानं एकत्र. रबरबँड दिसेल तिथे काढा, सुती फीत बांधा.

खोके घेताना ए-४ मापाचे घेऊ नका. त्या काळातला बहुतेक कागद फुलस्केप, ३४ सेंमीच्या आसपास लांब; ए-४ खोक्यात कडा दुमडतात आणि दहा वर्षांत तिथेच तुटतात. आतून निदान ३६ × २६ सेंमी आणि १२ सेंमी जाड घ्या. ९ मीटरला असे ७५ लागतील. खोकं गच्च भरायचं नाही आणि अर्धवटही नाही, सैल राहिलं की कागद वाकतो. कापडी रुमालातले गठ्ठे असतील तर, पुण्याच्या पेशवे दफ्तरात असतात तसे, रुमालातही राहू शकतात. मांजरपाट दोनदा धुऊन, खळ पूर्ण काढून वापरा.

तळमजला ही तुमची खरी अडचण आहे. ६५ टक्क्यांवर आर्द्रता गेली की बुरशी परतणारच, आणि कोकणात जून ते सप्टेंबर ती त्याहून वरच असते. शक्य असेल तर वरचा मजला मागा. नसेल तर डीह्युमिडिफायर, तोही २४ तास. दिवसा एसी आणि रात्री बंद, हा प्रकार न चालवण्यापेक्षा वाईट. कागद रोज फुगतो आणि आकसतो. लोखंडी मांडणी भिंतीपासून १५ सेंमी दूर, सर्वांत खालचा कप्पा जमिनीपासून १५ सेंमी वर. एक मीटर कागदाचं वजन ४५-५० किलो धरा आणि त्याप्रमाणे मांडणी पेलते का ते पाहा. ट्रंका रिकाम्या झाल्यावर पुन्हा वापरू नका, त्यांना आतून घाम येतो.

वर्तमानपत्री कात्रणं इतर कागदांपासून वेगळी करा, नाहीतर त्यांचं आम्ल शेजारच्या पत्रावर तपकिरी सावली उमटवतं. फाइलमध्ये कात्रणाची छायाप्रत ठेवा म्हणजे साखळी तुटत नाही. आणि चकचकीत गुंडाळी कागदावरचे जुने फॅक्स सापडले तर त्याच दिवशी छायाप्रत काढा, ते रोज थोडे थोडे पुसले जात असतात.

सभागृहसंदर्भ

तारखांबद्दल. आधी विनातारीख पत्रातला पत्ता वाचा. ‘जिल्हा कुलाबा’ असेल तर बहुधा १९८१ पूर्वीचं, कारण त्या वर्षाच्या १ जानेवारीला नाव रायगड झालं. लोक जुनं नाव पुढेही वापरत, म्हणून हा एकटा पुरावा नव्हे. उलटं मात्र पक्कं: छापील पत्रशीर्षावर ‘जिल्हा रायगड’ असेल तर ते १९८१ च्या आधीचं नाही. पिनकोड असेल तर १५ ऑगस्ट १९७२ नंतरचं. मतदारसंघाबाहेरून आलेल्या पत्रांत सिंधुदुर्ग किंवा जालना जिल्हा असेल तर १ मे १९८१ नंतर, लातूर किंवा गडचिरोली असेल तर ऑगस्ट १९८२ नंतर. पाकिटं फेकू नका, टपालाचा शिक्का हीच पुष्कळदा एकमेव तारीख असते.

विधिमंडळाच्या आणि सरकारी कागदांवर राष्ट्रीय दिनदर्शिकेची शकातली तारीख दिसेल. चैत्र १ ते पौष १० साठी शकात ७८ मिळवा, पौष ११ ते फाल्गुनअखेर ७९. म्हणजे ‘फाल्गुन १८९४’ हे १९७३ आहे, १९७२ नाही. अर्थसंकल्पी अधिवेशनाचे कागद नेमके याच महिन्यांत पडतात, त्यामुळे ही चूक यादीत शेकड्यांनी होते. ठरवलेली तारीख चौकोनी कंसात लिहा आणि कशावरून ठरवली ते शेजारी.

लग्नपत्रिकांबाबत दप्तरबंद यांच्याशी मी सहमत नाही. कोणत्या गावातून, कोणत्या समाजातून आमदाराला बोलावणं येत होतं, ते १९६७ नंतर आणि १९७८ नंतर कसं बदललं, हे दुसरीकडे कुठेच सापडत नाही. परत देण्याआधी निदान गाव आणि वर्ष यांची मोजदाद करून घ्या.

दप्तरबंद

मान्य. मोजदाद आधी, मग निर्णय.

ग्रंथपाल_कोकण

सगळ्यांचे मनापासून आभार. ट्रंका वेगळ्या केल्या, वर्षवार लावणं थांबवलं. मतदारांच्या पत्रांबद्दल आणि स्कॅनिंगबद्दल कोणी सांगेल का? कुटुंबाने फक्त तोंडी ‘घेऊन जा’ म्हटलं आहे.

अस्सल_नक्कल

तोंडी पुरत नाही. जंगम वस्तूचं दान ताबा दिला की कायद्याने पूर्ण होतं, नोंदणी सक्तीची नाही; तरी सगळ्या वारसांच्या सह्यांचं बक्षीसपत्र करून घ्या. नाहीतर दहा वर्षांनी एखादा नातू डायऱ्या परत मागायला येतो आणि वाचनालयाकडे दाखवायला काही नसतं. त्यात चार गोष्टी हव्यात: मालकी वाचनालयाची, आमदारांच्या स्वतःच्या लेखनाचे हक्क कोणाकडे, अनावश्यक प्रतींचं काय करायचं, आणि कोणता भाग किती वर्षं बंद.

आलेल्या पत्राचा कागद तुमचा झाला तरी मजकुराचा हक्क पत्र लिहिणाऱ्याचा आणि त्याच्या पश्चात वारसांचा; मृत्यूनंतर प्रथमच छापल्या गेलेल्या मजकुरासाठी तो प्रकाशनापासून ६० वर्षं. वाचायला देणं वेगळं, संकेतस्थळावर टाकणं वेगळं.

मतदारांची पत्रं तीन ढिगांत पाहा. रस्ता, पाणी, एसटी, शाळा अशी सार्वजनिक गाऱ्हाणी खुली ठेवायला हरकत नाही. आजारपण, कौटुंबिक भांडण, जातीवरून झालेला छळ, पोलिसांच्या तक्रारी ही माणसं किंवा त्यांची मुलं त्याच गावात राहत असताना उघडू नका; वाचनालयाने मुदत ठरवून ती सर्वांना सारखी लावावी. तिसरा ढीग कोकणात मोठा असतो: कुळकायद्याच्या कलम ३२-ग ची (कुळाने कसत असलेली जमीन विकत घेण्याची) प्रकरणं, सातबाराच्या नकला. हे मागायला संशोधकांच्या आधी वादातली माणसं येतील. तुमची प्रत प्रमाणित नक्कल नाही, ती महसूल खात्याकडूनच घ्यावी लागते, हे वाचन-नियमांत छापून टाका. बंद पत्र फाइलमधून काढताना त्या जागी ‘एक पान, अमुक तारखेपर्यंत बंद’ अशी चिठ्ठी ठेवा.

स्कॅनिंग यादी झाल्यावरच. आधी केलं की हजारो बेनाव चित्रं जमतात. ए-४ पान ३०० डीपीआयला रंगीत, संक्षेप न करता टिफ या चित्र-प्रकारात २६ एमबी होतं. ६० हजार पानांना दीड टीबीहून अधिक. म्हणून आवक-जावक रजिस्टर, डायऱ्या आणि नाकारलेल्या सूचना आधी घ्या. फाइलचं नाव म्हणजे तोच संदर्भ क्रमांक. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, एक दुसऱ्या गावात, आणि प्रत्येकीचा चेकसम (फाइल बदलली तर बदलणारा तपासणी-आकडा) काढून वर्षातून एकदा पडताळा. कॅसेट मात्र थांबू शकत नाहीत. उभ्या ठेवा, चुकून आवाज पुसला जाऊ नये म्हणून कडेचा प्लॅस्टिकचा कान आधी तोडा, आणि चांगल्या डेकवरून २४ बिट वेव्ह ध्वनी-फाइलमध्ये उतरवा. बुरशी धरलेली कॅसेट डेकमध्ये घालू नका, पुढच्या सगळ्या खराब होतील.