मदत हवी आहे: वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेच्या बातम्यांवर किती विश्वास ठेवायचा?

रिमझिम_

नमस्कार मंडळी,

थोरल्या बहिणीसाठी विचारतेय. उंची १६३ सेमी, वजन १०४ किलो, म्हणजे बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) ३९. मधुमेह आहे. डॉक्टरांनी बेरिअ‍ॅट्रिक सर्जरी सुचवली आहे; स्लीव्ह (जठराचा मोठा भाग काढून टाकणं) किंवा बायपास (जठराची छोटी पिशवी करून ती थेट आतड्याला जोडणं), पुढच्या भेटीला विचार करून या म्हणाले.

विचार करायचा म्हणून ताई आणि भावोजी दोघांनी बातम्या वाचायचा सपाटा लावलाय. ताईला सापडतात त्या 'आधी आणि नंतर' फोटोंच्या. भावोजींना नेमक्या 'शस्त्रक्रियेनंतर मृत्यू'वाल्या. घरच्या ग्रुपवर सकाळी चमत्कार आणि संध्याकाळी श्रद्धांजली असं चाललंय.

मला न उलगडलेल्या गोष्टी:

एका लेखात '६० टक्के वजन घटते' असं छापलंय. म्हणजे ताई ४२ किलोची होणार? दुसरीकडे 'मधुमेह कायमचा बरा'. तिसरीकडे 'चिरफाड नको, पोटात फुगा बसवा, धोका नाही'. आणि परवाची बातमी, 'वजन घटवणारी इंजेक्शनं आली, आता सर्जरीचे दिवस संपले'.

करावी की नको ते डॉक्टरांशी बोलून ठरेलच. पण या बातम्या वाचायच्या कशा, आणि त्यातून डॉक्टरांना नेमकं काय विचारायचं, हे जाणकारांनी सांगावं. आगाऊ आभार.

---

एक_वाटसरू

एवढं सगळं करण्यापेक्षा तोंडावर ताबा ठेवला आणि रोज चाललं तर? फुकट सल्ला.

---

रिमझिम_

@एक_वाटसरू, गेली कित्येक वर्षं तेच करतेय ती. धाग्याचा विषय तो नाही.

---

टाका_दोरा

शस्त्रक्रिया विभागात परिचारक आहे, डॉक्टर नाही. तेवढं गृहीत धरून वाचा.

६० टक्क्यांचं कोडं आधी. ते बहुधा एकूण वजनाचे नसतात, 'जादा वजना'चे असतात. जादा वजन जिथून मोजतात त्या बीएमआय २५ ला ताईंचं वजन साधारण ६६ किलो येतं. म्हणजे जादा धरलेलं वजन ३८ किलो. त्याचे ६० टक्के म्हणजे २३ किलो. १०४ वरून ८१. एकूण वजनाच्या हिशोबात हे २२ टक्केच झाले. दोन्ही आकडे खरे, पण मथळ्यात कुठला जाणार ते सांगायला नको. म्हणून डॉक्टरांना सरळ विचारा, 'किलोत सांगा, आणि पाचव्या वर्षीचं सांगा.' पहिल्या दीड-दोन वर्षांत वजन सर्वात खाली जातं, मग बऱ्याच जणांचं थोडं परत चढतं. फोटो काढतात तो त्या खालच्या टप्प्यावर.

आता भावोजींच्या बातम्या. मृत्यू होतात, खोटं नाही. अमेरिकेतल्या लॅब्स नावाच्या अभ्यासात ४७७६ जणांची पहिलीच शस्त्रक्रिया होती. ३० दिवसांत मृत्यूचं प्रमाण ०.३ टक्के, म्हणजे हजारात तीन. मोठी गुंतागुंत ४.३ टक्क्यांना. हे २००९ साली प्रसिद्ध झालं आणि हे आकडे बायपास व बँडचे (जठराभोवती पट्टा बसवतात तो) आहेत, स्लीव्हचे नाहीत. 'तरुणाचा मृत्यू' या बातमीत कुठली शस्त्रक्रिया, आधीचे आजार कोणते, टाक्यांच्या जागेतून पोटात गळती झाली की फुप्फुसात रक्ताची गुठळी गेली, यातलं काही दिलेलं असतं का बघा. नसेल तर त्या बातमीवरून ताईंच्या जोखमीबद्दल काहीच कळत नाही.

उलट्या बाजूने पण तोच खेळ. स्वीडनमधला एसओएस अभ्यास १९८७ मध्ये सुरू झाला. २००७ च्या निष्कर्षावर 'मृत्यूचा धोका २९ टक्क्यांनी कमी' असा मथळा करता येतो. मूळ आकडे असे: सुमारे ११ वर्षांत शस्त्रक्रिया न केलेल्यांपैकी ६.३ टक्के गेले, केलेल्यांपैकी ५.० टक्के. वय वगैरे फरक जमेस धरून २९ निघतात. फायदा आहेच, पण २९ ऐकून डोळ्यासमोर जे येतं तेवढा नाही. शिवाय तिथे कोणाची शस्त्रक्रिया करायची हे चिठ्ठ्या टाकून ठरवलं नव्हतं, हेही बातमीत येत नाही.

---

निळी_शाई

टाका_दोरा, सुंदर प्रतिसाद. मधुमेहाचं मी लिहिते, आईच्या वेळी बरंच वाचलं होतं.

'कायमचा बरा' हा शब्दच छापू नये. क्लीव्हलँडच्या स्टॅम्पीड चाचणीचे पाच वर्षांचे निकाल २०१७ ला आले. एचबीए१सी (गेल्या तीनेक महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी तपासणी) ६ टक्के किंवा खाली आणायचं असं ध्येय होतं. नुसत्या औषधांवर ५ टक्के लोकांना जमलं, स्लीव्हवाल्या २३ टक्क्यांना, बायपासवाल्या २९ टक्क्यांना. औषधांपेक्षा कितीतरी सरस, पण शंभरातल्या सत्तरहून जास्त जणांना पाच वर्षांनी ते ध्येय गाठलेलं नव्हतं. साखर सुधारली होती, गोळ्या कमी झाल्या होत्या, तरीही.

फुग्याबद्दल: चिरफाड नसते हे बरोबर. धोका नाही हे चूक. ऑगस्ट २०१७ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने द्रव भरलेल्या फुग्यांबद्दल डॉक्टरांना पत्र लिहिलं, २०१६ पासून पाच मृत्यूंची नोंद झाली म्हणून. फुग्यामुळेच झाले असं सिद्ध झालेलं नव्हतं, तेही त्यात होतं. आणि बरेचसे फुगे सहा महिन्यांनी काढतात. पुढचं वजन कोण सांभाळणार?

---

रिकामी_वाटी

बायपास झालेली आहे, बरीच वर्षं झाली. पश्चात्ताप नाही, आधीच सांगते, नाहीतर घाबरवतेय असं वाटायचं.

जोखीम म्हटलं की सगळे ऑपरेशन टेबलाबद्दल बोलतात. मला जे सोसावं लागलं ते नंतर. वजन झपाट्याने उतरताना पित्ताशयात खडे झाले, ती वेगळी शस्त्रक्रिया. गोड जरा जास्त गेलं की वीसेक मिनिटांत घाम, धडधड, हात कापतात, आडवं व्हावं लागतं. याला डंपिंग म्हणतात. केस मूठमूठ गळले, मग परत आले. लोह, बी१२, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व कायमचं, आणि दरवर्षी रक्ततपासणी. गुडघा दुखला म्हणून आयबुप्रोफेन घ्यायची सोय नाही, जोडाजवळ अल्सर होतो. सिगारेटचंही तेच. नवीन डॉक्टरकडे गेलं की पहिलं वाक्य 'माझा बायपास झालाय', आणि ते हृदयाचा समजतात!

यातलं एकही वाक्य मी वर्तमानपत्रात वाचलं नव्हतं. माझ्या सर्जननी सांगितलं होतं, पण तेव्हा माझ्या डोक्यात फोटोच होते.

ताईंना छातीत जळजळ होते का? हे नक्की विचारा. स्लीव्हमध्ये जठराचा तीन चतुर्थांशाहून जास्त भाग काढून टाकतात, एक अरुंद नळी उरते, त्यामुळे आम्ल वर येण्याचा त्रास वाढू शकतो. आणि काढलेलं परत बसवता येत नाही.

---

टाका_दोरा

+१. फिनलंडच्या स्लीव्हपास चाचणीत दहा वर्षांनी एंडोस्कोपी (तोंडातून दुर्बीण घालून तपासणी) केली तेव्हा अन्ननलिकेला सूज स्लीव्हवाल्या ३१ टक्क्यांना होती, बायपासवाल्या ७ टक्क्यांना. बातम्यांत मात्र स्लीव्ह म्हणजे 'सोपी' आणि बायपास म्हणजे 'मोठी' एवढंच.

इंजेक्शनांचं थोडक्यात: काम करतात. पण त्यांतल्याच सेमाग्लुटाइड या औषधाच्या एका चाचणीत ते थांबवल्यावर वर्षभरात घटलेल्या वजनाचा दोन तृतीयांश भाग परत आला. सर्जरीचे दिवस संपले म्हणणाऱ्याने इंजेक्शन किती वर्षं घ्यायचं तेही लिहावं. ताईंनी हा पर्यायही डॉक्टरांपुढे काढायला हरकत नाही.

---

रिमझिम_

सगळ्यांचे मनापासून आभार. टाका_दोरा, तुमचा किलोचा हिशोब ताईला कागदावर करून दाखवला. थोडी हिरमुसली, मग म्हणाली ८१ तर ८१, जिना तरी चढेन. भावोजींनी हजारात तीन वाचून विचारलं, 'आणि आपल्या सर्जनचे किती?' हे तोंडावर विचारलं तर चालतं का? राग येईल?

आणि हो, जळजळ आहे. रोज रात्री गोळी घेते, पण 'त्याचं काय सांगायचं' म्हणून डॉक्टरांना सांगितलेलंच नाही!

---

रिकामी_वाटी

अगं बाई. आधी ते सांगा.

---

टाका_दोरा

राग आला तर दुसरा सर्जन बघा. वर्षाला किती करता, गळती किती जणांना झाली, परत टेबलावर किती न्यावे लागले, रात्री-अपरात्री त्रास झाला तर फोन कोण उचलतं, एवढं भावोजींनी खुशाल विचारावं. चांगले सर्जन आकडे स्वतःहून काढून दाखवतात.

जळजळीचं भेटीची वाट न बघता कळवा. आधी एंडोस्कोपी करायला सांगतील, कदाचित बायपासकडे कल जाईल. रिपोर्ट आला की इथेच लिहा, नाव झाकून.