कुसकुस आणि भाज्या: साइड डिश म्हणून चव कशी आणावी?

गोदाकाठ
मंडळी, सल्ला हवाय. रविवारी घरी आठजण जेवायला आहेत. गच्चीवर तंदूर लावून पनीर आणि चिकन करणार, सोबत भाताऐवजी कुसकुस ठेवायचा विचार आहे. कॉलेज रोडवरून बारीक दाण्याचं पाकीट आणलंय. बाहेर खाल्लं तेव्हा दर वेळी कोरडं, फिकं आणि वर सिमला मिरचीचे चार तुकडे, असंच मिळालं. आपल्या जिभेला रुचेल, पण उपमा वाटणार नाही असं काय करता येईल? बाजारात सोलाणे, गाजरं, वांगी, भोपळा सगळं ताजं आहे. एक पाहुणी गहू खात नाही, तिचंही बघायचंय.

रांगडा_कांदा
ताई, उपमा नको असेल तर मोहरी-कढीपत्त्याच्या फोडणीत कुसकुस टाकूच नका. हे ड्युरम गव्हाच्या रव्याचे वळलेले दाणे. मोरोक्को, अल्जेरिया, ट्युनिशियात ते रश्श्याच्या भांड्यावर चाळणीत ठेवून वाफवतात, त्यामुळे खालच्या भाज्यांचा वास दाण्यात शिरतो. पाकिटातलं बहुधा आधीच वाफवून वाळवलेलं असतं, गरम पाण्यात पाच मिनिटांत फुलतं. त्या पाच मिनिटांत जे प्यायलं तीच त्याची चव. नंतर वरून कितीही मसाला भुरभुरा, दाणा आतून कोराच राहतो.

म्हणून साधं पाणी नको. सोलाणे मीठ, तमालपत्र आणि ठेचलेला लसूण घालून शिजवा, ते पाणी गाळून घ्या. दोन वाट्या कुसकुसला दोन वाट्या उकळतं पाणी, चमचाभर तेल. गॅस बंद, वर झाकण. पाच मिनिटांनी काट्याने मोकळं करा, डावाने घोटू नका.

आता माझा जीव ज्यात आहे ते सांगते. मोरोक्कोत कुसकुसवर त्फाया घालतात. कांदा, मनुका, दालचिनी आणि मध मंद आचेवर निवांत शिजवलेलं. कांदा आणि मनुका! नाशिककरांना आणखी काय हवं? चार मोठे रांगडे कांदे उभे चिरून तुपावर टाका. रांगड्याला पाणी सुटतं, त्यामुळे आधी तो नुसताच मऊ पडेल. आच वाढवायचा मोह होतो, वाढवू नका. पाणी आटलं की कडा तांबूस होतात, उग्रपणा जाऊन गोडसर वास सुटतो. मग मूठभर मनुका, दालचिनीचा तुकडा, चमचाभर गोडा मसाला, थोडा मध किंवा गूळ. मनुका टम्म फुगल्या आणि कांद्यावर चकाकी आली की उतरवा. गोड्या मसाल्यातलं दगडफूल इथे फार सुंदर लागतं.

गाजर, लाल भोपळा, वांगी लोखंडी तव्यावर वेगवेगळी भाजा, मोठ्या आचेवर, झाकण न ठेवता. मीठ शेवटी, नाहीतर पाणी सुटून भाजी भाजण्याऐवजी शिजते. मग सोलाण्यांसकट सगळं हलक्या हाताने एकत्र करा, लिंबू पिळा, भरपूर कोथिंबीर, थोडा पुदिना. वाढताना अर्धी चिरलेली द्राक्षं. त्फाया वरून पसरा, आत कालवू नका.

सिन्नर_फाटा
सगळं पटलं, पण तंदूरच्या चिकनशेजारी इतकं गोड? मी तरी काळा मसाला घालीन.

रांगडा_कांदा
दादा, काळा मसाला घातला की कांदा-मनुकेची चव दबते, माझं मत ठाम आहे. तिखट हवं तर बाजूला वाटीत द्या. ट्युनिशियात हरिसा असतो: लाल मिरची, लसूण, जिरं, धने, तेल. आपली लसणाची लाल चटणी खोबरं न घालता वाटून तेलात कालवली की त्याच्या अगदी जवळ जाते. ज्याला जितकं हवं तितकं तो घेईल.

पेठ_सुरगाणा
गहू न खाणाऱ्या पाहुणीसाठी वरई करा. आमच्या भागात नागलीसोबत वरई पिकतेच. वाटीभर वरई कोरडी भाजा, मग दोन वाट्या तेच सोलाण्यांचं पाणी घालून मंद आचेवर झाकून शिजवा. पाणी आटलं की गॅस बंद करून दहा मिनिटं हात लावू नका, मोकळी होते. भाज्या आणि त्फायाचा तिचा वाटा कुसकुसला लागण्याआधीच वेगळा काढा. आणि कुठेच हिंग घालू नका. बाजारच्या बांधानी हिंगात बऱ्याचदा मैदा असतो, डबीवर वाचून बघा. गोडा मसाला विकतचा असेल तर त्यातही हिंग असू शकतो.

गोदाकाठ
हिंगाचं माझ्या डोक्यातही आलं नसतं, मनापासून आभार! मसाला घरचा आहे, पण त्यात हिंग आहेच. म्हणजे तिच्या त्फायात फक्त दालचिनी घालते. आदल्या रात्री काय करून ठेवता येईल?

रांगडा_कांदा
त्फाया नक्की, फ्रिजमध्ये छान मुरतो. सोलाणेही शिजवून त्यांच्या पाण्यासकट ठेवा. भाज्या मात्र त्याच दिवशी भाजा, आणि कुसकुस पाहुणे आल्यावरच भिजवा.