पोलीस स्टेशनमधून फोन आला की आधी वकील गाठायचा की आधी जाऊन यायचं?

सिडकोकर
माझं मत आधीच सांगतो, फोन आला की पहिला कॉल वकिलाला, मग गाडीला किक. आमच्या घरात उलटं झालं म्हणून पोटतिडकीनं लिहितोय. गल्लीत पार्किंगवरून भावाची शेजाऱ्याशी झटापट झाली, रात्री एनसी झाली, म्हणजे अदखलपात्र तक्रार, मारहाण, अपमान आणि धमकी, नव्या न्याय संहितेचं कलम ११५(२), ३५२, ३५१(२), म्हणजे आपलं जुनं ३२३, ५०४, ५०६. सगळे म्हणाले सोडून दे, एनसीला कोण विचारतं. चौथ्या दिवशी शेजाऱ्याचा एक्सरे आला, मनगटाचं हाड मोडलेलं, आणि हाड मोडलं की कायद्यात ती जबर दुखापत होते, मग ११७(२) लागलं, दखलपात्र गुन्हा, म्हणजे पोलीस कोर्टाला न विचारता तपास करू शकतात, आणि शिक्षा ७ वर्षांपर्यंत. आम्हाला यातलं काहीच माहीत नाही, फोनवर फक्त "येऊन जा, जबाब घ्यायचाय" एवढंच. भाऊ कामावरून परस्पर एकटा गेला. त्याचं म्हणणं होतं, तो अंगावर आला तेव्हा मी हातानं बाजूला केलं. कागदावर आलं, "रागाच्या भरात जोरात धक्का दिला". खाली सही कर म्हणाले, यानं केली. घरी आल्यावर आईनं विचारलं काय लिहिलंय त्यात, तर म्हणे नीट वाचलं नाही, ड्यूटीला उशीर होत होता.

पंचवटीचा दादा
भावाबद्दल वाईट वाटलं पण सरसकट वकील हे मला पटत नाही. माझे वडील पोलीस खात्यातच होते, लहानपणापासून बघतोय, साधा माणूस सरळ आला, नीट बोलला तर अर्धी प्रकरणं तिथेच मिटतात, वकील सोबत आला की समोरची पार्टी पण वकील करते आणि दोन शेजारी दहा वर्षं तारखांना भेटतात. एनसीमध्ये मॅजिस्ट्रेटच्या आदेशाशिवाय पोलिसांना तपास करता येत नाही आणि वॉरंटशिवाय अटक नाही, मग वकील कशाला पोसायचा? दुसरं, माझ्या आतेभावाची गाडी हायवेला धडकली, समोरच्याला मार लागला, बेदरकार गाडी चालवणं आणि दुसऱ्याचा जीव धोक्यात घालणं, असं २८१ आणि १२५ लावलं. दोन्ही जामीनपात्र, पोलीस स्टेशनलाच जामीन मिळतो, तो हक्कच आहे. तरी एका वकिलानं त्याला अटकेची भीती घालून अटकपूर्व जामिनाचे, म्हणजे अटकेच्या आधीच कोर्टातून घ्यायच्या जामिनाचे, म्हणून पैसे घेतले. पोरानं बायकोची चेन मोडली हो. अटकपूर्व फक्त अजामीनपात्र गुन्ह्यात लागतो हे त्याला सांगायलाही कोणी नव्हतं.

सिडकोकर
दादा, पण एनसीची एनसी राहिली नाही ना, चार दिवसांत बदलली. मेडिकलचा कागद आला तेव्हा आमच्याकडून विचारणारं कोणी पाहिजे होतं.

जुना आग्रा रोड
ज्युनियर वकील आहे, रोज नाशिकच्या सीबीएस बसस्थानकाला उतरून कोर्टात जातो. दोघांचंही थोडं बरोबर आणि थोडं चुकतंय. गोंधळ कुठे होतो तर लोक जामीनपात्र म्हणजे किरकोळ समजतात. ११७(२) जामीनपात्रच आहे पण शिक्षा ७ वर्षं, त्यामुळे भाऊ त्याच दिवशी घरी आला याचा अर्थ केस हलकी असा नाही. तेव्हा गुन्हा दखलपात्र की अदखलपात्र हे एक विचारा, जामीनपात्र की अजामीनपात्र हे दुसरं, आणि जास्तीत जास्त शिक्षा किती हे तिसरं. १ जुलै २०२४ पासून आयपीसीच्या जागी भारतीय न्याय संहिता आणि सीआरपीसीच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाल्यात, त्यामुळे फोनवर कलम सांगितलं तर नवं की जुनं हेही विचारा. नुसत्या फोनवर जाऊ नका, नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५(३) ची, म्हणजे हजर राहायला सांगणारी, लेखी नोटीस मागा. ७ वर्षांपर्यंतच्या गुन्ह्यात ऊठसूट अटक करायची नाही हे सुप्रीम कोर्टानं २०१४ मध्ये अर्णेश कुमार प्रकरणात बजावलंय, नोटीस पाळणाऱ्याला अटक करायची तर कारण लिहावं लागतं. पण नोटीस मिळूनही गेलाच नाहीत तर तेच अटकेचं कारण होतं, हे पण ध्यानात ठेवा.

आणि सहीचं. पोलिसांनी तपासात घेतलेल्या जबाबावर सही घ्यायचीच नसते, त्याच संहितेचं कलम १८१ वाचा. पोलिसासमोरची कबुली कोर्टात आरोपीविरुद्ध चालत नाही, म्हणून भावाचं सगळं संपलंय असं नाही. पण त्या एका वाक्यावरून तपासाची दिशा ठरून जाते आणि नंतर आम्हाला ती वळवताना घाम फुटतो.

दादांनी सांगितलं तसे पैसे उकळणारे आमच्यात आहेत, मान खाली घालून कबूल करतो. तासाभराचा सल्ला घ्या, लगेच वकालतनाम्यावर, म्हणजे वकील नेमायच्या कागदावर, सही करायची गरज नसते.

निफाडचा बागाईतदार
सगळे आरोपीचंच बोलताय म्हणून लिहितो. दोन वर्षांमागं व्यापाऱ्यानं माझी द्राक्षाची बाग तोडून नेली, माल कंटेनरला गेला, हातात चेक दिला. चेक परत आला. आज देतो उद्या देतो करत त्यानं अडीच महिने काढले आणि मी भरोसा ठेवला. गुन्हा नोंदवायला गेलो, फसवणूक ३१८(४), अजामीनपात्र, मला वाटलं आता सापडला. त्यानं आधीच मोठा वकील गाठून सेशन कोर्टातून अटकपूर्व जामीन घेतला होता. माझ्या पोराची फी थकली आणि तो कोर्टातून एसी गाडीत बसून गेला. तुम्ही म्हणता आधी वकील, पण आधी वकील कुणाला परवडतो? ज्याच्या खिशात माझ्या द्राक्षाचे पैसे आहेत त्याला.

नाशिकरोडची ताई
भाऊ, तुमचं दुःख खरं आहे, पण त्यावर उपाय गरीब आरोपीनं वकिलाविना उभं राहणं हा नाही ना. माझ्या मावसभावाला शनिवारी संध्याकाळी चोरीच्या संशयात उचललं. २४ तासांत मॅजिस्ट्रेटपुढे न्यावंच लागतं म्हणून रविवारी सुट्टीच्या कोर्टात उभा केला. आम्ही डबा घेऊन बाहेर, कुणाला काय विचारायचं कळेना, पीसीआर म्हणजे पोलीस कोठडी हेही माहीत नव्हतं. तिथं विधी सेवा प्राधिकरणाचा वकील उभा राहिला, एक रुपया न घेता. नंतर कळलं की १९८७ च्या कायद्यानं कोठडीतल्या माणसाला हा वकील मोफत मिळतो, उत्पन्न विचारत नाहीत, बायकांनाही तसंच. १५१०० वर फोन लावता येतो. सोमवारी जिल्हा कोर्टात त्यांच्या ऑफिसला गेले तर बाकावर माझ्यासारख्या चार बायका, प्रत्येकीच्या मांडीवर पिशवीत आधार कार्डं आणि घरपट्टीच्या पावत्या. मी शिकलेली असून मला हे माहीत नव्हतं याचा अजून राग येतो.

पंचवटीचा दादा
ताई, हे मोफत वकिलाचं मला खरंच माहीत नव्हतं. अटकेची शक्यता असेल, अजामीनपात्र असेल तर पहिल्या तासाला वकील, मान्य. पण शिवीगाळ, ढकलाढकलीत माझं मत तेच, आधी शेजाऱ्याच्या दारात जा, ११५(२) मध्ये मार खाल्लेला माणूस स्वतः तडजोड करू शकतो. फक्त समोरच्याला मुका मार की फ्रॅक्चर एवढं त्याच रात्री विचारा.

सिडकोकर
हे मान्य. आम्ही ते विचारलंच नाही. शेजारी चार दिवस हात गळ्यात अडकवून फिरत होता आणि आम्हाला ते नाटक वाटलं.

निफाडचा बागाईतदार
वकीलसाहेब, एक विचारतो. दुसऱ्या एकाचा चेक गेल्या आठवड्यात परत आलाय. पोलिसांत जाऊ का?

जुना आग्रा रोड
काका, चेकची केस पोलिसांत होत नाही, चेकच्या कायद्याच्या (निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अ‍ॅक्ट) कलम १३८ खाली कोर्टात तक्रार करावी लागते. बँकेनं कळवलं त्या दिवसापासून ३० दिवसांत लेखी नोटीस गेली पाहिजे, नोटीस मिळाल्यावर त्याला १५ दिवस, तेवढ्यात पैसे नाही आले तर पुढच्या महिन्याभरात तक्रार. मागच्या वेळी अडीच महिन्यांत तुमची नोटीसची मुदतच निघून गेली. यावेळी त्याच्या "उद्या देतो" वर एक दिवस थांबू नका. बँकेचा मेमो, चेक आणि मालाच्या वजनाच्या पावत्या घेऊन उद्या सकाळी अकराच्या आत कोर्टात या, नोटीस मी लिहून देतो, स्पीड पोस्टाची पावती तेवढी सांभाळून ठेवा.