घरी केलेला खेळायचा गोळा तिसऱ्या दिवशी चिकट का होतो?

रंगीतगोळा:
मैदा २ कप, मीठ १ कप, पाणी पाऊण कप, थोडं तेल आणि खायचा रंग. शिजवलेला नाही, नुसता मळलेला. पहिल्या दिवशी छान असतो, दुसऱ्या दिवशी डब्यात ओलसर होतो आणि तिसऱ्या दिवशी बोटांना चिकटतो. वरून मैदा लावला की तासभर बरा, मग पुन्हा तेच. खेळणारी मुलं चार वर्षांची आहेत. आठवडाभर तरी टिकेल असं प्रमाण हवंय. शिवाय याच गोळ्यात हाताचा ठसा घेऊन तो वाळवून ठेवता येईल का? १८० अंशांवर ओव्हनमध्ये ठेवलेला ठसा फुगला आणि मधोमध तडकला.

मंदआच:
गोळा शिजवा, निम्मा प्रश्न तिथेच सुटेल. कच्च्या पिठातला स्टार्च पाणी फारसं आत घेत नाही. गरम झाल्यावर, साधारण ६०-७० अंशांना, तो फुगतो आणि पाणी धरून ठेवतो. म्हणून शिजवलेला गोळा हाताला लागत नाही.

मैदा १ कप (१२५ ग्रॅम), बारीक मीठ अर्धा कप, पाणी १ कप (२४० मिली), तेल १ टेबलस्पून, क्रीम ऑफ टार्टर (बेकिंगमध्ये वापरतात ती आंबट पांढरी पूड) २ टीस्पून. ते नसेल तर लिंबाचा रस २ टेबलस्पून, पण मग पाणी तेवढंच कमी करा. रंग आधी पाण्यात घाला. नंतर मळून घातला तर गोळ्यापेक्षा हातच जास्त रंगतात. सगळं गार असतानाच गुठळ्या मोडा, मग मंद आचेवर जाड बुडाच्या भांड्यात सतत हलवत राहा. आधी पातळ लापशी दिसते, मग तळाला पापुद्रे धरतात आणि तीन-चार मिनिटांत सगळं एकदम उलथन्याभोवती गोळा होतं. बहुतेक जण इथेच घाईने गॅस बंद करतात. आणखी अर्धा मिनिट परता. चिमूट घेऊन दाबा: आत चकचकीत ओलं दिसलं तर कच्चं आहे. कोमट झाल्यावर दोन मिनिटं मळा, कानाच्या पाळीइतका मऊ झाला पाहिजे. पूर्ण गार झाल्याशिवाय डब्यात भरू नका, झाकणाला वाफ धरते आणि तेच पाणी गोळ्यावर गळतं.

चिकट झालेल्या गोळ्याला वरून मैदा लावणं हा उपाय नाहीच. तो कच्चा मैदा ओल ओढून स्वतःच खळ होतो. परत भांड्यात टाका आणि दोन मिनिटं परता.

चिमूटभर:
वरचं प्रमाण बरोबर आहे, फक्त मिठाबद्दल माझं मत वेगळं. २४० मिली पाण्यात साधारण ८५ ग्रॅमच मीठ विरघळतं. अर्धा कप बारीक मीठ म्हणजे १४० ग्रॅमच्या आसपास, उरलेलं बोटांना रेतीसारखं टोचतं. एक तृतीयांश कप घाला, बुरशी रोखायला तेवढं पुरतं.

ओलसरपणाचं दुसरं कारण हवा. हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतून पाणी ओढायला लागतं. कोरड्या हवेत उलट होतं: पाणी उडतं, मीठ पांढरं होऊन वर येतं आणि गोळा भुसभुशीत होतो. तसं झालं तर ओल्या हाताने मळा, पाणी ओतू नका. खेळून झालं की लगेच घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. काळे-हिरवे ठिपके किंवा कुबट वास आला तर सगळा गोळा फेका, ठिपका खरवडून चालत नाही.

सावकाश:
ठशासाठी शिजवलेला गोळा वापरू नका. त्यात पाणी आणि तेल जास्त असतं, वाळताना आक्रसतो आणि भेगा पडतात. तुमचं न शिजवलेलं प्रमाणच इथे योग्य आहे, फक्त तेल काढा आणि दहा मिनिटं मळा. ६-७ मिलिमीटर जाडीचं सारखं लाटा. तळव्याखाली पातळ आणि कडेला जाड राहिलं तर तडा नेमका त्या सीमेवर जातो. टांगायचं भोक आत्ताच पाडा.

१८० अंश फार झाले. वरचा थर आधी कडक होतो आणि आतली वाफ त्याला उचलते. १०० अंशांवर तीन तास ठेवा, मध्ये एकदा उलटा करा. वाळला की नाही हे गार झाल्यावर गालाला लावून बघा. गारेगार लागला तर आत ओल आहे. टिचकी मारली की बद्द वाजला तरी तेच. पूर्ण वाळल्यावर दोन्ही बाजूंना आणि कडांना वॉर्निश द्या. एक बाजू उघडी राहिली की तिथून ओल शिरते आणि ठसा मऊ पडतो.

रंगीतगोळा:
धन्यवाद. पिवळ्यासाठी हळद चालेल का? आणि चुकून तोंडात गेलं तर?

चिमूटभर:
हळद चालते, पण कपड्यांना डाग पडतो आणि उन्हात रंग उडतो. खायचा सोडा असलेल्या मिश्रणात मात्र ती लाल होते. चाटून बघितलं तर चवीमुळे मूल स्वतःच थुंकतं, पण मोठा तुकडा गिळला तर पोटात एकदम खूप मीठ जातं, लगेच डॉक्टरांना विचारा. सगळं तोंडात घालायच्या वयात हा गोळा देऊच नका. घरात कुत्रा असेल तर वाळत घातलेला ठसाही उंचावर ठेवा, त्याला एवढं मीठ जिवावर बेतू शकतं.