‘फोटो नको’ हे परिषदेत कसं कळवायचं?

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या फाउंड्री-मशीनिंगवाल्यांची एक दिवसाची परिषद आहे, साधारण १५० जण. नोंदणी फॉर्मवर संमतीची चौकट आहे. ओळखपत्राची फीत निळी असेल तर फोटो नको, पांढरी असेल तर चालेल. (कन्नड झेंड्याची लाल-पिवळी आणि मराठी झेंड्याची भगवी टाळली, सीमावादाच्या बेळगावात कारण सांगायला नको.) दारात मराठी, कन्नड, इंग्रजी फलक लावणार.

नेमलेला फोटोग्राफर फीत बघून फोटो काढतो. घोळ मोबाइलवाल्यांचा: फीत कोटाआड जाते, ग्रुप फोटोत दिसतच नाही आणि जेवणाआधीच फोटो व्हॉट्सॲपवर. स्लाइडवरची ड्रॉइंग्जही टिपतात. मोबाइल बाहेर ठेवायला लावणं शक्य नाही. पहिल्या सत्राआधी ३० सेकंदांत, मराठी आणि कन्नड दोन्ही भाषांत, नेमकी कोणती वाक्यं बोलावीत?