नोकरीतला भेदभाव : १८० दिवसांची मुदत न्याय्य आहे का?

सांजवारा :
अमेरिकेत १९६४ च्या नागरी हक्क कायद्याखाली कंपनीविरुद्ध दाद मागायची तर थेट कोर्टात जाता येत नाही. आधी ईईओसी या समान रोजगार संधी आयोगाकडे, म्हणजे नोकरीतल्या भेदभावाच्या तक्रारी बघणाऱ्या सरकारी यंत्रणेकडे, तक्रार करावी लागते, तीही १८० दिवसांत. राज्याची स्वतःची तशी यंत्रणा असेल तर ३०० दिवस. पण माणूस आधी कुठे जातो? एचआरकडे. मग वरच्या साहेबाकडे अर्ज, मग उत्तराची वाट. दिवस मात्र संपत राहतात. १९८० च्या रिक्स खटल्यात सुप्रीम कोर्टाने सांगून टाकलं की अंतर्गत तक्रार चालू असली तरी मुदत थांबत नाही, आणि ती निर्णय कळवल्यापासून मोजायची, नोकरीच्या शेवटच्या दिवसापासून नाही. सामोपचाराने घेणाराच यात मारला जातो. मला हे चीड आणणारं वाटतं.

हिशेबी :
असहमत. सात वर्षांनी दावा आला, तोवर साहेब सोडून गेला, ईमेल पुसले गेले, साक्षीदारांना काही आठवत नाही. कंपनीने बाजू मांडायची कशी? आयोगाकडे तक्रारीला फी नाही, वकीलही लागत नाही. एचआरची चौकशी चालू असतानाही ती करता येते.

सांजवारा :
सात वर्षं कोण मागतंय? समान वेतनाचा १९६३ चा कायदा बघा. तिथे आयोगाची पायरीच नाही, मुदत दोन वर्षं, जाणूनबुजून केलं असेल तर तीन. त्याने कोर्टं कोलमडली नाहीत. आणि गुडइयर टायर कंपनीतली लिली लेडबेटर? पुरुष सहकाऱ्यांपेक्षा पगार कमी आहे हे तिला निनावी चिठ्ठीतून कळलं. ज्यूरीने तिच्या बाजूने कौल दिला, तरी २००७ मध्ये सुप्रीम कोर्टाने ५ विरुद्ध ४ मतांनी ठरवलं की उशीर झाला. २००९ मध्ये कायदा बदलला तेव्हा कुठे प्रत्येक पगारागणिक मुदत नव्याने मोजायला लागले.

प्राजक्त :
तुम्ही दोघं मुदतीवर भांडताय, पण पुष्कळांच्या नेमणुकीच्या करारात लवादाचं कलम असतं, म्हणजे वाद कोर्टाऐवजी खाजगी लवादापुढे न्यायचा. त्यांना कोर्ट दिसतच नाही. २०२२ च्या कायद्याने लैंगिक छळाच्या तक्रारी त्यातून सुटल्या. वंशाच्या किंवा वयाच्या नाहीत. माझ्या मते मोठी भिंत ही आहे.

हिशेबी :
लवादाचं पटलं. पगाराचंही, कारण तो लपलेला असतो. बढती नाकारल्याचं मात्र त्याच दिवशी कळतं. तिथे १८० दिवस पुरेसे आहेत.

सांजवारा :
नाकारली हे कळतं हो. का नाकारली, ते कळायला ती कोणाला दिली आणि त्याची पात्रता काय, हे आधी हाती यावं लागतं. ती कागदपत्रं कंपनीच्या कपाटात असतात.